शक्ती योजनेची बस: खानापूर ते बेळगाव

कर्नाटक सरकारने ११ जून २०२३ रोजी महिलांना सरकारी बसमध्ये मोफत प्रवास देणारी शक्ती योजना सुरू केली, तेव्हापासून मी नोकरीसाठी रोज खानापूरहून बेळगावला याच योजनेच्या बसने ये-जा करते. कर्नाटकात राहत असल्याचा पुरावा दाखवला की साध्या आणि एक्सप्रेस बसमध्ये कंडक्टर शून्य रकमेचे तिकीट फाडून देतो. एसी, आराम आणि आंतरराज्य बस यातून वगळल्या आहेत.

आमच्या गल्लीतल्या काकूंना रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला बेळगावच्या सरकारी दवाखान्यात जावे लागते. पूर्वी मुलाकडे बसभाडे मागायचे म्हणजे कशाला जातेस, गेल्याच महिन्यात गेली होतीस ना, कधी परतणार, अशा सगळ्या प्रश्नांना आधी उत्तरे द्यावी लागत, म्हणून त्या एक दिवसाआड गोळी घेऊन गोळ्या पुरवत. आता प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले आधार कार्ड त्यांच्या कमरेला असते आणि "बेळगावला जाऊन येते" एवढे सांगून त्या निघतात. बाहेर पडण्यासाठी बाईला कुणापुढे हात पसरावा लागू नये, ही समतेची पहिली पायरी आहे असे मी मानते, आणि म्हणूनच "बायकांनी बस भरल्या" ही रोजची कुरकुर मला पटत नाही. निम्मी आसने पुरुषांसाठी राखीव आहेतच. गर्दी झाली तर फेऱ्या वाढवायला हव्यात.

फेऱ्या मात्र खरोखरच कमी पडतात. सकाळच्या वेळी थांब्यावर नुसत्या बायका उभ्या दिसल्या की बस न थांबता पुढे गेल्याचे मी अनेकदा पाहिले आहे, आणि मग वडापच्या (खासगी प्रवासी) गाडीला पैसे मोजावेच लागतात. पाट्या कन्नडमध्ये असल्यामुळे मराठी शाळेत शिकलेल्या वयस्कर बायकांना प्रत्येक बसपाशी धावत जाऊन विचारावे लागते.

सर्वांत जास्त बोचते ती पत्त्याची अट. माझी धाकटी बहीण सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात दिली आहे. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे आहे, पण ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, म्हणजे माहेरी येताना शिनोळीपर्यंतच. पुढे बेळगावहून खानापूरला येताना आधारवर सासरचा पत्ता असल्यामुळे तिला पूर्ण तिकीट पडते. गेल्या भाऊबीजेला आई तिला आणायला बेळगावला गेली होती. एकाच बाकावर बसून आईच्या हातात शून्याचे तिकीट आणि लेकीच्या हातात पैसे मोजलेले. लग्नानंतर पत्ता बदलतो तो बाईचाच, आणि त्याची किंमतही तिनेच भरायची, हा कुठला न्याय? निदान सीमेवरच्या तालुक्यांत तरी कर्नाटक सरकारने ही अट काढून टाकावी.