कंटेनरच्या पोटात कंटेनर: सॉकेट, प्रिव्हिलेज्ड की आतही रूटलेस?

सीआय रनर (कोड बदलला की आपोआप बिल्ड-टेस्ट चालवणारा प्रोग्राम) स्वतःच कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी मशीनपासून वेगळ्या खोक्यात, चालतोय आणि त्याच्या आत इमेज (कंटेनर ज्यावरून उठतो तो साचा) बिल्ड करायच्या आहेत, टेस्टसाठी दोन-चार कंटेनर उठवायचे आहेत. अशा वेळी तीन वाटा दिसतात: होस्टवरच्या (खऱ्या मशीनवरच्या) पॉडमनचा, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या साधनाचा, सॉकेट (त्याला हुकूम देण्याची खिडकी) आत द्यायचा, बाहेरच्या कंटेनरला ‘प्रिव्हिलेज्ड’ करायचं (त्याच्यावरची बंधनं सरसकट काढायची), किंवा आतही रूटलेस (रूटच्या अधिकारांशिवाय, साध्या युजरचा) पॉडमन चालवून लागतील तेवढ्याच परवानग्या द्यायच्या. होस्टवरचा पॉडमन तिन्हीकडे रूटलेसच आहे असं धरतो.

सॉकेटची वाट सगळ्यात सोपी, कारण तिथे नेस्टिंगच नसतं. नवे कंटेनर आत न उठता होस्टवर, तुमच्या कंटेनरच्या शेजारी उठतात. गोची पाथची होते. जॉब (रनरवर चालणारं एक काम) म्हणतो ‘/वर्कस्पेस’ माउंट कर, आणि पॉडमन होस्टवरची ‘/वर्कस्पेस’ शोधायला जातो. पोर्टचंही तेच: पोस्टग्रेस डेटाबेसचा ५४३२ होस्टवर उघडतो, जॉब मात्र स्वतःच्या लोकलहोस्टवर दार ठोठावत बसतो. शिवाय ज्याच्या हातात सॉकेट, त्याच्या हातात तुमचं अख्खं युजर अकाउंट, होम डिरेक्टरीतल्या एसएसएच कीसकट. जॉब सगळे तुमचेच असतील तरच हे करा.

प्रिव्हिलेज्डला लोक सरसकट शिव्या घालतात, ते मला थोडं अन्यायाचं वाटतं. रूटलेसमध्ये हा फ्लॅग तुमच्या युजरपेक्षा जास्त काही देऊ शकत नाही. रूटने चालणाऱ्या डॉकरमधला प्रिव्हिलेज्ड आणि हा, यांत फार अंतर आहे. पण कर्नलची सुरक्षा-बंधनं, म्हणजे सेककॉम्प, एसईलिनक्स किंवा अ‍ॅपआर्मर, आणि ‘/प्रॉक’वरचे (प्रोसेस आणि कर्नलची माहिती देणाऱ्या डिरेक्टरीवरचे) पडदे, सगळं एका फटक्यात जातं आणि नेमकं काय अडत होतं ते कधीच कळत नाही. उद्या हाच रनर प्रिव्हिलेज्ड बंद असलेल्या कुबरनेटीस (अनेक मशीनवर कंटेनर चालवणारी व्यवस्था) क्लस्टरवर न्यायचा झाला की सगळं पहिल्यापासून. आमच्याकडे नेमकं हेच झालं आणि मग एकेक अडचण सोडवत बसलो.

तिसऱ्या वाटेवरची खरी डोकेदुखी म्हणजे ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ ही एकच ओळ चार वेगवेगळ्या ठिकाणांहून येते.

पहिलं ठिकाण युजर आयडी. होस्टवर तुमचा आयडी १००० आणि सबयूआयडीची (तुमच्या युजरला कंटेनरसाठी दिलेल्या जादा आयडींची) रांग १००००० पासून ६५५३६ आयडींची. कंटेनरमधला ० म्हणजे तुम्ही, १ पासून पुढे ही रांग. म्हणजे बाहेरच्या कंटेनरमध्ये ० ते ६५५३६ एवढेच आयडी अस्तित्वात आहेत. आतल्या सबयूआयडी फाइलमध्येही सवयीने १००००० लिहिलंत, तर कर्नल नकार देणारच; तो आकडा तिथे नाहीच. पॉडमनच्या तयार इमेजमध्ये म्हणूनच १ पासून ९९९ आयडी आणि १००१ पासून ६४५३५ आयडी अशी रांग दिलेली असते. मधला १००० हा तिथल्या पॉडमन युजरचा. आतल्या रूटने (बाहेरच्या कंटेनरच्या हिशोबाने १०००) व्हॉल्यूमवर, म्हणजे होस्टवरून जोडलेल्या जागेवर, फाइल केली आणि होस्टवर ‘एलएस’ मारलं, की मालक १००९९९ दिसतो. पहिल्यांदा दचकायला होतं, पण हिशोब बरोबर आहे.

दुसरं ठिकाण ‘/प्रॉक’. नव्या युजर नेमस्पेसमध्ये (स्वतःचे वेगळे युजर आयडी असलेल्या कप्प्यात) ताजं प्रॉक माउंट करायचं तर आधीचं प्रॉक पूर्ण उघडं असावं, असा कर्नलचा नियम आहे. बाहेरच्या कंटेनरने ‘केकोर’सारख्या फाइलींवर पडदे टाकलेले असतात, म्हणून नकार. इथे बरीच ताकद देणारी परवानगी कॅप-सिस-अ‍ॅडमिन देऊनही काही होत नाही; आम्ही त्यात अख्खी दुपार घालवली. एक तर बाहेर ‘अनमास्क=ऑल’ द्या, नाहीतर आतल्या कंटेनरला बाहेरचंच प्रॉक बाइंड माउंट करा (जसंच्या तसं आत जोडा). तयार इमेज दुसरा मार्ग घेते. बदल्यात आतून बाहेरच्या कंटेनरच्या प्रोसेस दिसतात.

तिसरं, स्टोरेज. ओव्हरले-एफएस, म्हणजे इमेजचे थर एकावर एक रचणारी फाइलसिस्टिम, हिची वरची (लिहायची) डिरेक्टरी दुसऱ्या ओव्हरलेवर ठेवता येत नाही, आणि बाहेरचा कंटेनर सहसा ओव्हरलेवरच असतो. इमेज स्टोअरच्या जागी एक व्हॉल्यूम लावला की प्रश्न मिटतो, कर्नल ५.११ किंवा पुढचा असेल तर. जुन्या कर्नलवर फ्यूज-ओव्हरलेएफएस (तेच काम कर्नलबाहेर करणारा प्रोग्राम) आणि त्यासाठी फ्यूज डिव्हाइस आत द्यावं लागतं. व्हीएफएस या साध्या स्टोरेज ड्रायव्हरला काहीच लागत नाही, पण प्रत्येक लेअरची तो अख्खी कॉपी करतो. डिस्क भरल्याचा अलर्ट यायचा असेल तर वापरा.

राहिलं नेटवर्क. पास्ता (कंटेनरला नेटवर्क जोडून देणारा प्रोग्राम, पॉडमन ५.० पासून रूटलेसचा डीफॉल्ट) असो की जुना स्लर्प-फोर-नेटएनएस, दोघांनाही टन डिव्हाइस (आभासी नेटवर्क कार्ड) हवं, ते बाहेरच्या कंटेनरला दिलेलं नसेल तर आत नेटवर्क उभंच राहत नाही. दुसरा पर्याय, आतल्या कंटेनरला ‘नेटवर्क=होस्ट’. या नावाने लोक बिचकतात, पण इथला होस्ट म्हणजे बाहेरचा कंटेनर, तुमची खरी मशीन नव्हे. तोटा एवढाच की आतल्या दोन कंटेनरना एकच पोर्ट हवा असेल तर मारामारी.

एसईलिनक्स असलेल्या मशीनवर बाहेर ‘लेबल=डिसेबल’ही (त्या कंटेनरपुरतं एसईलिनक्सचं बंधन काढणं) लागतं. उबुंटू २४.०४ वर अ‍ॅपआर्मर साध्या युजरच्या नेमस्पेसवरच बंधन घालतं, तेव्हा आधी तिकडे बघा.

माझी निवड तिसरी: स्टोअरला व्हॉल्यूम, प्रॉक बाइंड, आत होस्ट नेटवर्क. टन डिव्हाइस पोर्टची भांडणं सुरू झाल्यावरच. आणि कंटेनर उठवायचेच नाहीत, फक्त इमेज बिल्ड करायची आहे, तर बिल्डाला (फक्त इमेज बांधणारं, पॉडमनच्या जोडीचं साधन) क्रूट आयसोलेशनवर, म्हणजे पूर्ण कंटेनर न उठवता नुसती रूट डिरेक्टरी बदलून, चालवा. नवं प्रॉक माउंट करणं आणि वेगळं नेटवर्क उभारणं, दोन्ही त्यात टळतं.