‘फुटलेले प्रश्न’ आणि ‘हमखास प्रवेश’: वैद्यकीय मुलाखतीच्या तयारीच्या नावाखाली अशी होते फसवणूक

ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात डॉक्टरकीच्या शिक्षणाला प्रवेश देताना नुसते परीक्षेचे गुण बघत नाहीत, मुलाखतही घेतात. अर्जदार त्या टप्प्यापर्यंत पोचला की त्याच्याभोवती विक्रेत्यांचा गराडा पडतो. तयारी मनापासून करून घेणारे शिक्षकही त्यात आहेत. पण भीतीवर धंदा करणारेही तिथेच असतात, आणि बोलावणं हातात पडलेल्या मुलाला त्या आठवड्यात दोघांतला फरक कळणं अवघड जातं.

हा व्यवहार बहुतेक वेळा एकाच वाटेनं पुढे सरकतो. विद्यार्थ्यांच्या एखाद्या ग्रुपवर मुलगी लिहिते, ‘मला अमुक विद्यापीठाचं बोलावणं आलं.’ तासाभरात तिला खासगी मेसेज येतो: अभिनंदन, मी तिथेच तिसऱ्या वर्षाला आहे, काही लागलं तर सांग. पहिली मदत खरोखर फुकट असते आणि उपयोगाचीही असते. दोन दिवसांनी एका ऑनलाइन वर्गाचं आमंत्रण येतं, तेही फुकट. त्या वर्गात शेवटी एक स्क्रीनशॉट दाखवतात: ‘गेल्या वर्षी १० पैकी ८ स्टेशनं आमच्या प्रश्नसंचातूनच आली.’ (स्टेशन म्हणजे मुलाखतीतला एक छोटा, स्वतंत्र टप्पा.) पाठोपाठ ‘फक्त ३ जागा’ आणि ‘आज रात्री १२ पर्यंतच ही फी’. पैसे एखाद्या व्यक्तीच्या खात्यावर मागवतात, संस्थेच्या नाही. पैसे गेल्यावर पीडीएफ येते आणि ती पुरेशी नाही हेही लगेच कळवलं जातं, कारण ‘खरे’ प्रश्न पुढच्या पॅकेजमध्ये असतात. मुलाखतीच्या आठवड्यात फोन उचलला जात नाही. ग्रुपवर तक्रार केली की ग्रुपमधूनच काढून टाकतात.

ती पीडीएफ एकदा बारकाईनं उघडून बघावी. पानं भरपूर असतात. पहिली चाळीसेक पानं म्हणजे विद्यापीठांनी स्वतःच सगळ्यांसाठी जाहीर केलेले नमुना प्रश्न, वरचं नाव पुसून टाकलेले. मधे एकच प्रश्न नावं बदलून तीनदा येतो. आरोग्यव्यवस्थेवरच्या उत्तरात एका परिच्छेदात कॅनडा, तर पुढच्यात ब्रिटन, कारण दोन ठिकाणांहून उचलून जोडलेलं असतं. काही संचांत अजून बीमॅट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या निबंधांची तयारी सापडते. ती परीक्षा २०२३ मध्ये शेवटची झाली. प्रत्येक प्रश्नाखाली ‘आदर्श उत्तर’ छापलेलं असतं, पण त्या उत्तरावर परीक्षक पुढे काय विचारेल याबद्दल एक ओळसुद्धा नसते. माल शिळा आहे हे ओळखायला एवढं पुरे.

‘१० पैकी ८’ हे कसं जमवतात? सोपं आहे. मुलाखती झाल्यावर मुलांना ‘काय काय आलं?’ असं गोडीनं विचारायचं, ते प्रश्न जुन्या संचात घुसवायचे आणि जाहिरात पुढच्या वर्षी करायची. म्हणून मागणी एकच करावी: मुलाखतीच्या आधी ज्याला संच मिळाला होता त्याला आलेला मूळ ईमेल, तारखेसकट दाखवा. इथे बहुतेक जण विषय बदलतात.

आता समजा प्रश्न खरोखरच फुटलेला आहे. तरीही तो फारसा कामाचा नसतो, आणि याचं कारण मुलाखतीच्या बांधणीत आहे. आज बऱ्याच ठिकाणी चालणारी एमएमआय, म्हणजे एकापाठोपाठ एक छोट्या मुलाखतींची पद्धत, कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात तयार झाली. तिच्यावरचा पहिला शोधनिबंध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ आराखड्यात १० स्टेशनं होती. दाराबाहेर २ मिनिटं प्रसंग वाचायचा आणि आत ८ मिनिटं बोलायचं. आता विद्यापीठागणिक स्टेशनांची संख्या आणि वेळ बदलते. प्रत्येक स्टेशनला वेगळा परीक्षक असतो, त्याला आधीच्या स्टेशनवर तुमचं काय झालं हे माहीत नसतं आणि तो आपले गुण स्वतंत्रपणे देतो. एकाच माणसाच्या आवडीनिवडीवर अर्जदाराचं भवितव्य ठरू नये हा त्यामागचा विचार. आत गेल्यावर गुण मिळतात ते तुम्ही विचार कसा मांडता, समोरच्याचं कसं ऐकता आणि उलटप्रश्नाला कसं सामोरं जाता याचे. प्रसंग आधी कळला म्हणून हे येत नाही. मॅकमास्टरच्याच संशोधकांनी हे तपासूनही पाहिलं. काही उमेदवारांना स्टेशनांचा मजकूर आधी मिळाला तर काय होतं, यावरचा त्यांचा निबंध २००६ मध्ये आला आणि गुणांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या अर्जदारांवरचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही क्लास लावल्याचा एमएमआयच्या गुणांना फायदा दिसला नाही.

पाठ केलेलं उत्तर उलट घात करतं. एक परीक्षक दिवसभर एकाच स्टेशनवर बसलेला असतो आणि एकच प्रसंग कितीतरी तोंडांतून ऐकतो. सकाळपासून तिसऱ्यांदा तेच वाक्य त्याच क्रमानं कानावर आलं की त्याला ते पढवलेलं आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. हे एका प्रसंगावरून पाहू. सरावात नेहमी येणारं स्टेशन: गाडी मागे घेताना शेजाऱ्याची मांजर तुमच्या गाडीखाली सापडून मेली आहे, आणि आत शेजाऱ्याची भूमिका करणारा नट बसला आहे. संचातलं उत्तर असतं, ‘सहानुभूती दाखवा, माफी मागा, भरपाईची तयारी दर्शवा.’ मुलगा आत जाऊन अर्ध्या मिनिटात हे तिन्ही उरकतो. नट रडायला लागतो. आता सात मिनिटं उरली आहेत आणि संचात पुढे काहीच लिहिलेलं नाही. मग मुलगा तीच माफी चौथ्यांदा मागतो किंवा ‘दुसरी मांजर घेऊन देतो’ म्हणतो, आणि तिथे सगळं बिघडतं. ज्यानं नीट सराव केलेला असतो तो आधी बसू का असं विचारतो. एक वाईट बातमी आहे एवढं सांगून क्षणभर थांबतो. मग घडलेलं साध्या शब्दांत सांगतो, मांजर ‘गेली’ असं मोघम न बोलता मेली हे स्पष्ट सांगतो, आणि गप्प राहतो. ही शांतता सहन करणं सगळ्यांत अवघड, आणि ते पीडीएफमधून येत नाही.

कायद्याची नावं पाठ करून गेलेल्यांचंही असंच होतं. १६ पेक्षा कमी वयाची मुलगी आईवडिलांना न सांगता गर्भनिरोधक मागते, हा ब्रिटनमधल्या मुलाखतींच्या सरावातला ठरलेला प्रसंग. सगळं नीट समजणारी १६ पेक्षा लहान मुलगी स्वतः संमती देऊ शकते असं ज्यात ठरलं, त्या १९८५ च्या गिलिक खटल्याचं नाव घेतलं की काम झालं असं विक्रेते शिकवतात. परीक्षक पुढे विचारतो, तिला सगळं समजलं आहे हे कसं ठरवाल? तिचा मित्र २५ वर्षांचा निघाला तर? आईनं फोन करून विचारलं तर? इथे खटल्याचं नाव उपयोगी पडत नाही. तिला आपल्याच शब्दांत सांगायला लावणं, तिच्यावर कुणाची जबरदस्ती आहे का हे बघणं, तिला धोका आहे असं दिसलं तर गुप्तता कुठे संपते हे तिला आधीच सांगून ठेवणं, वरिष्ठांचा सल्ला घेणं, अशी विचाराची साखळी लागते.

प्रश्न विकत घेण्यात आणखी एक धोका आहे, आणि तो पैशांपेक्षा मोठा. बरीच विद्यापीठं मुलाखतीआधी गोपनीयतेच्या अटी मान्य करायला लावतात. त्या मोडल्याचं उघड झालं तर अर्ज रद्द होऊ शकतो. डॉक्टर होऊ पाहणाऱ्याच्या सचोटीवर पहिल्याच पायरीवर डाग पडतो. विकणाऱ्याचं यात काहीच जात नाही.

‘प्रवेश नाही तर पैसे परत’ या हमीचा हिशोब मांडून बघा. समजा १०० जणांनी फी भरली आणि त्यांपैकी ४० जणांना स्वतःच्या बळावरच जागा मिळाली. विक्रेत्यानं एक अक्षर शिकवलं नाही तरी ४० जणांची फी त्याच्या खिशात, वर जाहिरातीसाठी ४० नावं. उरलेल्या ६० जणांसाठी बारीक अक्षरांतल्या अटी असतात: सगळे तास हजेरी हवी, सगळ्या गृहपाठांची नोंद हवी, सगळीकडून नकार आल्याची पत्रं सात दिवसांत पाठवायला हवीत. एका विद्यापीठाचा निकाल प्रतीक्षायादीत अडकला की मुदत टळून जाते. हमी देणारा शिक्षक जास्त आत्मविश्वासाचा, असं समजणाऱ्या पालकांनी हे गणित जरूर करावं.

शिकवणारा कोण आहे हे तपासणं वाटतं तितकं कठीण नाही. स्वतःला ब्रिटनमधला डॉक्टर म्हणवणाऱ्याचं नाव तिथल्या डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलच्या यादीत कुणालाही फुकट बघता येतं. त्याचा सात आकडी क्रमांक मागावा. मात्र नाव आणि क्रमांक जुळले तरी बोलणारा तोच आहे हे सिद्ध होत नाही, त्यामुळे एकदा व्हिडिओवर समोरासमोर बोलावं. विद्यार्थी असल्याचं सांगणाऱ्याला विद्यापीठाच्या ईमेलवरून एक ओळ पाठवायला सांगावं. ‘मी आत्ताही तिथे मुलाखती घेतो’ असं कुणी अभिमानानं सांगितलं, तर तिथेच थांबावं. परीक्षकच पैसे घेऊन उमेदवार तयार करत असेल तर तो सरळ हितसंबंधांचा प्रश्न आहे. म्हणजे एकतर तो खोटं बोलतो आहे, नाहीतर नियम मोडतो आहे.

‘तपासून देतो’ म्हणून अर्जातला वैयक्तिक मजकूर मागणाऱ्यांपासून विशेष जपावं. चांगला मजकूर नंतर नमुना म्हणून विकला जातो. ब्रिटनमध्ये अर्ज जिथून जातात ती यूकॅस सगळे मजकूर एकमेकांशी ताडून बघते, त्यामुळे तुमची वाक्यं दुसऱ्या कुणाच्या अर्जात गेली तर शंका तुमच्यावरही येऊ शकते. सराव मुलाखतीचं रेकॉर्डिंग कुणाकडे राहणार आणि कधी पुसलं जाणार, हे आधी लेखी घ्यावं. अर्जाच्या खात्याचा पासवर्ड आणि पासपोर्टची प्रत कुठल्याही शिकवणीला लागत नाही.

खोटी बोलावणीही येतात: ‘तुमची निवड झाली, मुलाखतीची जागा राखण्यासाठी आज पैसे भरा.’ ब्रिटनमधल्या विद्यापीठांचे पत्ते ‘एसी डॉट यूके’ने संपतात. त्याच्या मागेपुढे एखादं जादा अक्षर किंवा रेघ चिकटली आहे का हे बघावं. मेलमधल्या लिंकवर न जाता विद्यापीठाची साइट स्वतः टाइप करून आपल्या अर्जाची स्थिती तिथे तपासावी आणि प्रवेश कार्यालयाला फोन करावा, तोही साइटवरच्या क्रमांकावर.

पैसे देऊन शिकायचंच असेल तर आधी एकच तास विकत घ्यावा. त्या तासात तुम्ही किती बोललात आणि शिक्षक किती बोलला हे बघावं. चांगला शिक्षक तुमचं उत्तर मधेच अडवतो, ‘असं का वाटतं?’ म्हणून खोदतो आणि शेवटी दोन-तीन नेमक्या गोष्टी सांगतो: तुम्ही दुसरी बाजू मांडलीच नाही, वेळ संपायच्या आधी तीन मिनिटं गप्प झालात, नटाकडे न बघता परीक्षकाकडे बघत राहिलात. ‘छान, फक्त आत्मविश्वास वाढवा’ एवढंच ऐकायला मिळालं तर तो तास फुकट गेला.

फुकटातही भरपूर होतं. तिघं जण जमवावेत: एक उमेदवार, एक नट किंवा प्रश्न विचारणारा, एक घड्याळ आणि कागद घेऊन बसणारा. प्रसंग विद्यापीठांच्या साइटवरच्या नमुन्यांतून घ्यावेत. २ मिनिटं वाचन, ८ मिनिटं बोलणं, ५ मिनिटं चर्चा, मग भूमिका बदलायच्या. कागदावर तीनच नोंदी: कुठे ऐकलं नाही, कुठे कारण न देता मत दिलं, कुठे पुढचा प्रश्न सुचला. एका बैठकीत सहा स्टेशनं झाली तर दीड तास जातो, आणि त्यापेक्षा जास्त करू नयेत, कारण दमलेली मुलं परत ठरावीक वाक्यांकडे वळतात. नट झालेल्या मुलाला सर्वांत जास्त कळतं, म्हणून ती भूमिका कुणी टाळू नये. ब्रिटनसाठी जनरल मेडिकल कौन्सिलची डॉक्टरांच्या वर्तनाची मार्गदर्शिका वाचावी. तिची सध्याची आवृत्ती ३० जानेवारी २०२४ पासून लागू आहे आणि ती साइटवर मोफत मिळते. पाठ करायची नाही. प्रत्येक मुद्द्यापुढे आपण दवाखान्यात, वृद्धाश्रमात किंवा घरच्या आजारपणात पाहिलेला एक प्रसंग लिहायचा.

पैसे गेलेच असतील तर पहिला फोन बँकेला करावा. कार्डानं भरले असतील तर रक्कम परत मागण्याची लेखी मागणी त्याच दिवशी नोंदवावी, थेट खात्यावर पाठवलेले परत मिळणं फार कठीण असतं. विक्रेत्याशी भांडायच्या आधी सगळे मेसेज, पावत्या, खात्याचं नाव आणि जाहिराती यांचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवावेत, कारण काही ॲप्सवर तो दोन्ही बाजूंचे मेसेज पुसू शकतो. पासवर्ड दिला असेल तर बदलावा, सायबर पोलिसांकडे तक्रार द्यावी. ‘फीतली थोडी रक्कम भरली की सगळी परत करतो’ असा फोन नंतर आला तर तो त्याच टोळीचा समजावा. आणि मिळालेले प्रश्न खरे असतील अशी शंका आली तर ते कुणालाही पुढे पाठवू नयेत. विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला चार ओळींचा मेल करावा: हे मला अमुक तारखेला अमुक मार्गानं मिळालं, मी ते वाटलेलं नाही, मूळ मेसेज सोबत जोडला आहे, तुम्हाला आणखी माहिती हवी असल्यास देईन.