सिलिकॉन, पाण्याचा की ग्रिपवाला? त्वचेप्रमाणे प्राइमर निवडताना

कोल्हापुरात महाद्वार रोडला किंवा राजारामपुरीत दुकानात प्राइमर, म्हणजे फाउंडेशनच्या आधी लावायचा थर, मागितला की टेस्टरचा थेंब हाताच्या पाठीवर चोळून दाखवतात, आणि त्या मऊपणावर भुलून ट्यूब घेतली जाते. पण हाताच्या पाठीवर नाकासारखे ओपन पोअर्स (उघडी दिसणारी छिद्रं) नसतात, कपाळासारखं तेलही सुटत नाही. तिथं सिलिकॉनचा कुठलाही प्राइमर रेशमीच लागणार. थेंब नाकाच्या बाजूला आणि गालावर लावून घ्या, बाकीची खरेदी उरका आणि अर्ध्या तासानं बाहेरच्या उजेडात आरसा बघा. घ्यायचा की नाही, ते तेव्हा ठरवा.

त्याआधी स्वतःची त्वचा नीट ओळखा. सौम्य फेसवॉशनं तोंड धुवा, काहीही न लावता एक तास थांबा आणि टिश्यू पेपर कपाळ, नाक, हनुवटी, गाल असा एकेका जागी दाबा. सगळीकडे तेलाचा डाग आला तर त्वचा तेलकट. कुठंच डाग नाही आणि गाल ओढल्यासारखे वाटतात, तर कोरडी. कपाळ-नाक-हनुवटीवर डाग आणि गाल कोरडे म्हणजे मिश्र, आणि अशी त्वचा बऱ्याच जणींची असते. बोअरच्या जड पाण्यानं तोंड धुतलं की तेलकट त्वचाही काही वेळ ताणल्यासारखी वाटते. म्हणून अंदाजावर जाऊ नका, टिश्यूवर काय उमटलं ते बघा.

तिन्ही प्राइमरांत फरक काय

सिलिकॉनचा प्राइमर त्वचेत मुरत नाही. तो वर पातळ थर धरतो, पोअर्सच्या तोंडाशी आणि बारीक रेषांत बसतो. ट्यूबच्या मागची घटकांची यादी वाचा: पहिल्या चार-पाच नावांत डायमेथिकोन, सायक्लोपेंटासिलोक्सेन असं ‘कोन’ किंवा ‘सिलोक्सेन’नं संपणारं काही असेल तर माल सिलिकॉनचा. तेलकट त्वचा आणि मोठे पोअर्स यांच्यासाठी आमचं मत याच बाजूला. यादीत सिलिका असेल तर तेल शोषलं जातं आणि चकाकी उशिरा येते. मुरमांचे खोल खड्डे मात्र यानं भरत नाहीत. ते भरायला जाडसर थर दिला की फाउंडेशन खड्ड्याच्या काठावर साचतं आणि खड्डा उलट उठून दिसतो.

पाण्याच्या प्राइमरमध्ये पहिलं नाव ‘वॉटर’ किंवा ‘अ‍ॅक्वा’, आणि मागोमाग ग्लिसरीन, हायलुरॉनिक अ‍ॅसिड. हा ओलावा देतो, पोअर्स झाकत नाही. कोरड्या गालावर मॅट सिलिकॉन लावलं तर दोन-तीन तासांत पापुद्रे दिसू लागतात, तिथं हाच बरा. खरं सांगायचं तर कोरड्या त्वचेला चांगलं मॉइश्चरायझर नीट मुरवून लावलं तर रोजच्या मेकअपला वेगळा प्राइमर लागतच नाही. ते पैसे वाचवा.

ग्रिपवाला प्राइमर बहुधा पाण्याच्याच जातीचा, पण वाळताना चिकट होतो आणि वरचं फाउंडेशन धरून ठेवतो. लांबणाऱ्या कार्यक्रमाला उपयोगी. मात्र तो हात चालवून पसरता येत नाही. अर्धवट वाळल्यावर बोट फिरवलं की ओरखडे उठतात, ते फाउंडेशनखालूनही दिसतात.

मिश्र त्वचेनं एकाच ट्यूबचा हट्ट धरू नये. टी-झोनवर (कपाळ, नाक, हनुवटी) सिलिकॉन, गालावर पाण्याचा किंवा नुसतं मॉइश्चरायझर. दोन लहान ट्यूब घेतल्या तरी प्रत्येकाचं निम्मंच खर्ची पडतं.

फाउंडेशनशी जमतं का

फाउंडेशनची यादीही त्याच नजरेनं वाचा. सिलिकॉनवर सिलिकॉन, पाण्यावर पाणी ही जोडी सहसा निभते. उलटसुलट केलं की कधी काहीच होत नाही, कधी फाउंडेशन घसरतं, जागोजागी फाटतं. घरी तपासायला हाताच्या पाठीवर दोन्हींचा एकेक थेंब कालवा. मिनिटभरात नासलेल्या दुधासारखं वेगळं झालं तर ती जोडी सोडून द्या.

मळासारख्या वळ्या सुटतात त्याला मात्र दर वेळी जोडी जबाबदार नसते. बहुतेकदा खालचं सनस्क्रीन वाळलेलं नसतं, प्राइमर जास्त झालेला असतो किंवा तो घासलेला असतो. वळ्या सुटल्यावर वरून आणखी प्राइमर लावू नका. तेवढी जागा ओल्या कापसानं पुसून घ्या आणि तिथंच नव्यानं सुरुवात करा.

लावायचं कसं

मॉइश्चरायझर लावून पाच मिनिटं. मग सनस्क्रीन, चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं, आणि दहा-पंधरा मिनिटं दम धरा. प्राइमरच्या डब्यावर एसपीएफ लिहिलेलं असलं तरी सनस्क्रीन गाळू नका. प्राइमर इतका थोडा लागतो की तेवढ्यात छापलेलं संरक्षण मिळत नाही. त्वचा तेलकट असेल तर टिश्यू एकदा दाबून घ्या.

प्राइमर पूर्ण चेहऱ्याला मटाराच्या दाण्याएवढा, फक्त टी-झोनला त्याच्या निम्मा. आधी बोटांच्या टोकांवर पसरवून ऊब द्या. नाकाच्या कडेपासून सुरू करून अनामिकेनं दाबत दाबत, अगदी लहान गोल फिरवत पोअर्समध्ये बसवा, मग उरलेला हात बाहेरच्या दिशेनं. डोळ्यांखाली जवळजवळ काही नको. एक-दोन मिनिटांनी फाउंडेशन घ्या, तेही ओलसर स्पंजनं थोपटून. ब्रश घासला की खालचा थर सरकतो.

लग्नाच्या दिवशी

एप्रिल-मेचा दुपारचा मुहूर्त असेल तर एक गोष्ट आधीच लक्षात घ्या: प्राइमर तेल आवरतो, घाम नाही. घाम थराच्या खालून येतो आणि थर वर उचलतो. म्हणून थर पातळ ठेवा, टिश्यू दाबून घाम टिपा, पुसू नका. तेलकट त्वचेच्या नवरीला टी-झोनवर सिलिकॉन आणि गालावर ग्रिपवाला, अशी वाटणी आम्ही सुचवू. फोटोला फ्लॅश असेल तर सिलिकाचा प्राइमर आणि वर सिलिकाचीच पावडर असं दुहेरी करू नका, चेहऱ्यावर पांढरे चट्टे येतात. आदल्या दिवशी मोबाइलचा फ्लॅश लावून एक फोटो काढून बघा.

हळदीचा पिवळेपणा केसांच्या रेषेत आणि कानांजवळ राहतो आणि फाउंडेशनची शेड चुकल्यासारखी वाटते. हळदीतला कर्क्युमिन हा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून साबणानं घासत बसू नका. खोबरेल तेल किंवा क्लेन्सिंग बाम चोळून पुसा, मग दोनदा फेसवॉश. तेलाचा अंश उरला तर त्यावर कुठलाच प्राइमर टिकणार नाही.

मुंडावळ्या आणि टिकलीचाही विचार करा. मुंडावळ्यांचा दोरा कपाळावर तासन्‌तास घासतो, तिथं प्राइमर आणि फाउंडेशन दोन्ही नावापुरतं ठेवा. सिलिकॉनवर टिकलीचा डिंक धरत नाही. भुवयांमधली टिकलीची किंवा चंद्रकोरीची जागा कोरडी सोडा, नाहीतर मंगलाष्टकं संपायच्या आत टिकली निघते.

नाजूक त्वचा आणि मुरमं

सुगंधाचा किंवा पहिल्या काही नावांत ‘अल्कोहोल डिनॅट’ असलेला प्राइमर टाळा. थ्रेडिंग, ब्लीच, वॅक्स मेकअपच्या दोन दिवस आधीच उरका. ताज्या त्वचेवर साधा प्राइमरही झोंबतो. नवीन ट्यूब कानामागे किंवा जबड्याच्या कडेला लावून एक-दोन दिवस वाट बघा. लाली जास्त असेल तर फिकट हिरव्या छटेचा प्राइमर फक्त त्या जागी लावा. सावळ्या रंगावर तो पूर्ण चेहऱ्याला लावला की चेहरा राखाडी दिसतो. गव्हाळ-सावळ्या रंगाच्या डोळ्यांखालच्या काळेपणाला पीच किंवा नारिंगी छटा लागते, हिरवी नाही.

मुरमं यायला लागली की सिलिकॉनला दोष दिला जातो. पण रात्री प्राइमर नीट निघाला नव्हता का, ते आधी बघा. नुसत्या फेसवॉशनं तो पुरता जात नाही. कोरड्या चेहऱ्यावर क्लेन्सिंग बाम किंवा तेल मिनिटभर चोळा, पाणी लावून दुधाळ झालं की धुवा, मग फेसवॉश. खात्री करायला ओला पांढरा कापूस नाकाच्या कडेनं फिरवा. त्यावर फाउंडेशनचा रंग उतरला तर अजून एकदा धुवायचं राहिलंय.