गाळा खाली करण्याआधी वाचा: रिडेव्हलपमेंटमध्ये माझे 29 लाख 10 हजार असे अडकले

ठाणे जिल्ह्यात स्टेशनजवळच्या एका जुन्या शॉपिंग सेंटरमध्ये आमचा गाळा होता. तळमजला, मेन रोडला तोंड, 180 फूट कारपेट. अस्तर, फॉल, दोरे, बटणं, चेन, म्हणजे मॅचिंग सेंटर. वडिलांनी 1984 साली घेतलेला. आज तिथे खाली दुकानं आणि वर फ्लॅट असा टॉवर चढलाय, आमच्या जागेत दुसऱ्याचं शटर लागलंय आणि मी मागच्या गल्लीत महिना 48,000 भाड्याने बसलोय. बिल्डरचं आणि सेंटरचं नाव लिहीत नाही, वकिलांनी सक्त मनाई केली आहे. पण जुनी शॉपिंग सेंटर आता जिकडे तिकडे पाडायला निघालीत, म्हणून हे लिहितोय.

गाजर कसं दाखवतात ते सगळ्यांना माहीत आहे. आमचंही तसंच होतं: 25 टक्के जादा, म्हणजे 180 चे 225 फूट. महिना 35,000 भाडं. ताबा देताना 3,00,000 कॉर्पस, म्हणजे एकरकमी निधी. 36 महिन्यांत नवीन गाळा, 'जिथे आहे तिथेच, तळमजल्यावर, फ्रंटला'. हे शेवटचं वाक्य बिल्डरने भर सभेत माईकवर सांगितलं. डिसेंबर 2020 मध्ये सोसायटीचा डीए, म्हणजे बिल्डरबरोबरचा विकास करार, रजिस्टर झाला आणि त्याच दिवशी पीओए, म्हणजे बिल्डरला दिलेलं कुलमुखत्यारपत्र, पण. आमच्या हातात मात्र 500 च्या स्टॅम्प पेपरवरचं नोटरी केलेलं संमतीपत्र. प्रत्येकाचा वेगळा करार 'सीसी आल्यावर', म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी आल्यावर, 'करू' म्हणाले.

मग जादा जागेची ऑफर आली. 'सभासदांना खास रेट, बाहेर 35 हजारांनी जाणार.' 75 फूट, 22,000 रुपयांनी, एकूण 16,50,000. जानेवारी 2021 मध्ये मी दोन चेक दिले, 9,00,000 आणि 7,50,000. वडिलांची एफडी मोडली, बायकोच्या दागिन्यांवर कर्ज काढलं.

आता तो क्षण सांगतो, कारण रात्री झोप लागत नाही ती त्याच्यामुळे. बिल्डरच्या ऑफिसात अकाउंटचा मुलगा समोर बसलेला. मी चेकवर नाव लिहायला पेन काढलं तर म्हणाला, "दादा, नाव कोरं ठेवा, आमचा शिक्का आहे." आणि माझ्यासमोर, माझ्या चेकवर, जांभळ्या शाईचा रबरी शिक्का मारला. करारात नाव होतं '…डेव्हलपर्स'. शिक्क्यात होतं '…व्हेंचर्स'. पुढचे दोन शब्द तेच, रंग तोच, लोगो तोच. मी वाचलं. वाचलं आणि विचारलंसुद्धा, की नाव वेगळं कसं? तर त्याने तयार असलेलं उत्तर दिलं: "रेरामुळे प्रोजेक्टच्या खात्यातले 70 टक्के अडकतात ना दादा, म्हणून सभासदांचे पैसे सिस्टर कन्सर्नमध्ये घेतो. सगळ्यांचे तसेच घेतले." रेरा म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारा स्थावर संपदा कायदा. यात अर्धं खरं आहे. खरेदीदारांकडून आलेल्या रकमेतले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, हे मलाही ठाऊक होतं. म्हणूनच ते पटलं. पण तो नियम खरेदीदाराच्या रक्षणासाठी आहे, आणि हा माणूस माझ्या तोंडावर सांगत होता की आम्ही तुला त्या रक्षणातून बाहेर काढतोय! पावती मिळाली तिच्यावर लिहिलं होतं 'अनसिक्युअर्ड लोन'. 'ऑडिटसाठी तसं लिहावं लागतं.' त्या टेबलावर माझ्या आधीच्या चार गाळेधारकांच्या अशाच पावत्या पडलेल्या. चेअरमनकाकांची पण होती. त्यांना आम्ही पंचवीस वर्षं काका म्हणतोय. अशा वेळी उठून चेक परत मागणारा माणूस मला दाखवा.

त्या एका ओळीचा अर्थ नंतर वकिलांनी सांगितला. पावतीवर '75 चौ. फूट जादा क्षेत्र' असं असतं, तर तेवढ्यापुरता तरी मी खरेदीदार, रेराच्या भाषेत अलॉटी, म्हणून उभा राहू शकलो असतो. रेराच्या कलम 13 प्रमाणे नोंदणीकृत करार न करता 10 टक्क्यांच्या वर रक्कम घेताच येत नाही, तेही धरता आलं असतं. आता कागदावर मी कोण? एका भलत्याच कंपनीला उसने पैसे देणारा माणूस. त्या कंपनीचा या प्लॉटशी काडीचा संबंध नाही.

तरी गाळा आमच्या ताब्यात होता. किल्ली खिशात आहे तोवर बिल्डर तुमच्याकडे चहा प्यायला येतो. ती काढून घ्यायला त्यांनी पावसाळ्याचा मुहूर्त धरला. तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट लागतं, ते बिल्डरने 'आमच्या खर्चाने करून देतो' म्हणून आपल्याच माणसाकडून करून घेतलं. निकाल: सी-1, अतिधोकादायक. मार्च 2021 मध्ये महापालिकेची नोटीस भिंतीवर लागली, मेअखेर वीज-पाणी तोडणार. वरच्या मजल्यावर टेलरच्या मशीनशेजारी प्लास्टर पडलं होतं हे खरं. पण कॉलम-बीम दुरुस्त होण्यासारखे आहेत, असं आमच्यातल्याच एका इंजिनिअर गाळेधारकाने लेखी दिलं होतं. ते कमिटीने सभेच्या वृत्तांतात घेतलंच नाही. सी-1 आलं की लोक घाबरतात, जीवाचा प्रश्न असतो, आणि 'आधी करार, मग किल्ली' म्हणणारा माणूस सगळ्यांचा शत्रू ठरतो. आम्ही मेअखेर खाली केलं. स्वतःचा ऑडिट स्वतःच्या पैशाने, स्वतः निवडलेल्या इंजिनिअरकडून करा, बिल्डरच्या आधी. मुंबईत दोन ऑडिट एकमेकांविरुद्ध आले तर ते तांत्रिक सल्लागार समितीपुढे नेता येतात. आणि खाली करण्याआधी आपल्या गाळ्याचं क्षेत्रफळ मोजून त्यावर महापालिकेची नाही तर निदान सोसायटीची सही-शिक्का घ्या, फोटो काढा. पाडल्यावर तुमचा गाळा किती होता हे बिल्डरच सांगतो.

पहिल्या वर्षाचं भाडं एकरकमी आलं, 4,20,000. दुसऱ्या वर्षाचे बारा चेक पुढच्या तारखांचे मिळाले. तीन वटले. मग ऑगस्ट 2022 मध्ये वैयक्तिक कराराचा मसुदा आला आणि सगळं उघड झालं. गाळा नंबर एफ-19. पहिला मजला, मागची बाजू, मीटर रूमच्या शेजारी. क्षेत्र 225 फूट, पण व्याख्येच्या कलमात 'पोटमाळ्यासह'. म्हणजे 168 फूट गाळा आणि 57 फूट पोटमाळा. होता त्यापेक्षा 12 फूट कमी! विकत घेतलेल्या 75 फुटांचा उल्लेख कुठेच नाही. मी सही नाकारली. सप्टेंबरपासून भाडं बंद.

चेकचा डावही समजून घ्या. दर महिन्याला फोन यायचा, "दादा, या आठवड्यात टाकू नका, पुढच्या सोमवारी टाका, नाहीतर बाऊन्स होईल, उगाच दोघांना त्रास." मी समंजसपणे थांबलो. चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो. थांबता थांबता नऊही चेक मेले, आणि बाऊन्सच न झाल्यामुळे कलम 138 चा, म्हणजे चेक बाऊन्सच्या फौजदारी केसचा, रस्ताही बंद झाला. तारखेला चेक टाका. कुणाचंही ऐकू नका. बाऊन्स झाला की 30 दिवसांच्या आत नोटीस.

आमची जुनी जागा कुठे गेली, हे मी नोंदणी विभागाच्या साईटवर ई-सर्चमध्ये शोधलं. इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराचा गोषवारा, निघाला: तळमजला फ्रंटचा गाळा मार्च 2022 मध्येच तिसऱ्याला विकलेला, नोंदणीकृत. म्हणजे आम्हाला 'प्लॅन अजून फायनल नाही' सांगत होते तेव्हा विकूनही झालं होतं. माहिती अधिकारात 10 रुपये भरून मंजूर नकाशा काढला तर सुधारित नकाशा पीओएच्या जोरावर पास झालेला. पीओएमध्ये 'नकाशात आवश्यक ते बदल करणे' ही एक ओळ आहे, बस. चेअरमनकाकांचे दोन गाळे मात्र तळमजल्यावर, फ्रंटला, एकमेकांना जोडून आले आहेत. ते आता फोन उचलत नाहीत.

आता साहेबलोकांचं ऐका. सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांच्या कार्यालयात गेलो. 4 जुलै 2019 चा, सहकार कायद्याच्या कलम 79अ खालचा पुनर्विकासाचा शासन निर्णय छापून नेला होता: विकासकाने प्रकल्प खर्चाच्या 20 टक्के बँक गॅरंटी द्यायची, सगळ्या परवानग्या आल्यावरच सभासदांनी जागा खाली करायची. टेबलावरच्या बाईंनी कागद वाचलाही नाही. "तुमची प्रिमायसेस सोसायटी. हा जीआर गृहनिर्माण संस्थांचा. तुम्हाला लागू नाही." मग आम्हाला कोणता लागू? "तसा वेगळा काही नाही." घर असतं तर कायदा आहे, गाळा असला तर नाही! चाळीस वर्षं सोसायटीचं ऑडिट, निवडणूक, रिटर्न सगळं याच कार्यालयात भरलं, तेव्हा आम्ही यांचे होतो.

महापालिकेत नगररचनेचे म्हणाले, आम्ही एफएसआय आणि मार्जिन बघतो, कोणता गाळा कुणाला ते तुमचं आपसातलं. रेराचं विचारलं तर प्रत्येक वकील मान हलवतो: पुनर्विकासातल्या मूळ सभासदाने तिथे दाद मागितली की पहिला वाद होतो तो हा अलॉटी आहे की नाही, यावरच.

आणि पोलीस. "हा दिवाणी वाद आहे." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढतानाच कानात वाजतं. दखलपात्र गुन्हा दिसला की एफआयआर घ्यायचाच, असं सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलंय, ते मी दाखवलं. तर त्याच निकालातली व्यावसायिक व्यवहारात आधी प्राथमिक चौकशी करता येते ही सवलत दाखवून अर्ज 'चौकशीवर' ठेवला. चौकशी म्हणजे बिल्डरला फोन. त्यानंतर 1 जुलै 2024 ला आयपीसी या जुन्या दंड कायद्याच्या जागी बीएनएस आला आणि नवे अधिकारी अर्ज जुन्या कलमांखाली घ्यायचा की नव्या, यावर मलाच विचारायला लागले. व्यवहार 2021 चा, म्हणजे आयपीसी, हे मी, बटणं विकणारा माणूस, त्यांना सांगत होतो. पगार कशाचा घेता हो तुम्ही? शेवटी मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करावा लागला, तो पडून आहे.

'पण रेरा नंबर होता ना?' असं मला लोक विचारतात. डोंबिवलीतल्या 65 इमारतींचं प्रकरण आठवा, महापालिकेच्या बनावट परवानग्यांवर तिथे रेराची नोंदणी झालेली होती. नंबर म्हणजे हमी नव्हे. महापालिकेत जाऊन मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत काढा. त्यावर तुमचा गाळा, तुमचा नवीन नंबर, पोटमाळा सोडून फूट दिसत नसतील आणि तोच नकाशा जोडून तुमचा स्वतंत्र करार रजिस्टर झाला नसेल, तर शटर उघडं ठेवा. धंदा करत राहा. पीओएमध्ये नकाशा बदलायचा अधिकार देऊ नका. करारात लवादाचं कलम असेल आणि लवाद एकटा बिल्डर नेमणार असेल तर ते तिथेच कापा. निकालात स्वारस्य असलेल्या पक्षाने एकतर्फी लवाद नेमणं सुप्रीम कोर्टाने 2019 मध्येच नाकारलंय, तरी आमच्या डीएमध्ये ते कलम होतंच, आणि सोसायटीच्या वकिलाने ते वाचूनही सोडलं.

सध्या बिल्डरचा नवा निरोप आहे: एफ-19 वर सही करा, थकलेलं भाडं सोडून द्या, 'फुल अँड फायनल'. काहींनी केली. मी करणार नाही. सप्टेंबर 2022 ते ऑगस्ट 2025, 36 महिन्यांचे 12,60,000 आणि जादा जागेचे 16,50,000, यांचा दावा आम्ही त्याच ऑगस्टमध्ये लावला, कारण पैशाच्या वसुलीला तीन वर्षांची मुदत असते आणि पहिला हप्ता सुटायला आला होता. 16,50,000 ची मुदत तर 'लोन' या नावामुळे दावा लावण्याआधीच संपली असती. वाचलो ते एका कागदामुळे: 31 मार्च 2023 ची बॅलन्स कन्फर्मेशन, म्हणजे एवढी रक्कम देणं बाकी आहे असं पत्र, त्या दुसऱ्या कंपनीने ऑडिटसाठी स्वतःच सही करून पाठवलेली. लेखी कबुली मुदतीत मिळाली की तीन वर्षं नव्याने मोजली जातात. तुमचे पैसे असे कुठे अडकले असतील, तर आज ना उद्या देईल म्हणून थांबू नका. दरवर्षी मार्चनंतर ते पत्र सही-शिक्क्यासह मागून घ्या, आणि ज्या वर्षी द्यायला टाळाटाळ झाली त्याच वर्षी वकील गाठा.