दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराविषयी

लातूर जिल्ह्यात माझे कृषी सेवा केंद्र आहे. मृग कोरडा गेला की उधारीची वही डोक्यात फिरू लागते. दोन वर्षे मध्यरात्री छातीत धडधड होऊन जाग येत असे आणि इसीजी मात्र दर वेळी नॉर्मल निघे. डॉक्टरांचे औषध सुरू होतेच. त्यांना विचारूनच मी जानेवारीत मराठवाड्यातील एका केंद्रावर विपश्यनेचे शिबिर केले.

सत्यनारायण गोयंका यांनी ब्रह्मदेशात शिकून १९६९ पासून भारतात शिकवलेली ही ध्यानाची पद्धत आहे. पहाटे चारला घंटा होते, रात्री साडेनऊला दिवे मालवतात. मोबाईल आधीच जमा केलेला असतो आणि नऊ दिवस मौन असते. पहिले तीन दिवस नाकाशी जाणवणारा श्वास फक्त पाहायचा, यालाच आनापान म्हणतात. चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंतच्या संवेदना, त्यांना हवे-नको न म्हणता, पाहायच्या असतात.

सहाव्या दिवशी अधिष्ठानाच्या बैठकीत, म्हणजे तासभर हात-पाय न हलवता आणि डोळे न उघडता बसायचे असताना, तीच धडधड सुरू झाली. घरी असतो तर उठून पाणी प्यालो असतो, नाडी मोजली असती, बायकोला उठवले असते. तिथे बरगडीखालून वर चढणारी ऊब, घशातला आवळ आणि बोटांतल्या मुंग्या पाहत बसण्यावाचून इलाज नव्हता. काही वेळाने ते सारे आपसूक ओसरले. घाबरून उठण्याच्या माझ्या सवयीनेच ती भीती इतकी वर्षे पोसली होती, हे त्या तासात कळले.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. अर्जात मानसिक आजार आणि औषधे विचारतात, पण मी सविस्तर लिहूनही प्रवेशापूर्वी कोणी चौकशी केली नाही. प्रवचनाचा स्पीकर खरखरत होता. गुडघे दुखत असताना खुर्ची मागूनही ती पाचव्या दिवशी मिळाली. जेवण सात्त्विक होते. आमच्या तिखटाला सरावलेल्या जिभेला ते सपक लागले, एवढेच.

शुल्क नाही, शिबिर पूर्ण केल्यावर इच्छा असेल तर दान द्यावे. शिबिर हा उपचारांना पर्याय नाही आणि गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी येऊ नये, असे आयोजकही सांगतात. ते मनावर घ्यावे. घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात, माझ्याच्याने सकाळचा अर्धा तास होतो. जूनमध्ये पाऊस लांबला तेव्हा दोनदा रात्री जाग आली. दोन्ही वेळा अंथरुणातच बसून राहिलो, कोणाला उठवावे लागले नाही. सोयाबीनची वसुली आटोपली की पुन्हा अर्ज करणार आहे, या वेळी खुर्ची हवी असल्याचे त्यातच लिहीन.