आयडलिंग बिघडलेला जुना ट्रक: आधी लाइन, नोझल की पंप?

उभ्या गाडीची रेस वर-खाली होते, केबिन हादरते, नाहीतर पाय काढला तरी रेस खाली बसत नाही. पिंपळगावला उद्या कांदा भरायचा असेल तर मालक घाईघाईत पंप, म्हणजे नोझलना दाबाने डिझेल पुरवणारा इंजेक्शन पंप, उतरवायला सांगतो. लाइन (टाकीपासून येणारे डिझेलचे पाइप), नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं) आणि पंप या तीन उपायांपैकी सगळ्यात महाग आणि वेळखाऊ उपाय तोच. आमच्या मते पंपाची पाळी शेवटी यावी, कारण आधीच्या दोन तपासण्या अर्ध्या दिवसात उरकतात.

हे इनलाइन पंपाच्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी एका रांगेत वेगळा प्लंजर (दाब देणारा दट्ट्या) असलेल्या पंपाच्या, जुन्या गाड्यांपुरतंच आहे. कॉमन रेल गाडीत (सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणारी नवी पद्धत) चालू इंजिनावर नोझलचा पाइप अजिबात ढिला करू नका. तिथला दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो.

रेस चढलेलीच राहत असेल तर आधी अॅक्सिलरेटरची केबल पंपाच्या लिव्हरवरून सोडा. लिव्हर स्टॉपवर टेकून रेस उतरली, तर दोष केबलचा किंवा रिटर्न स्प्रिंगचा. पंपाशी त्याचा संबंध नाही. लिव्हर टेकूनही रेस चढीच राहिली, तर आयडल स्क्रू कोणी फिरवलाय का ते बघा. मिसिंग (एखादा सिलिंडर नीट न पेटणं) झाकायला स्क्रू आवळून ठेवण्याची सवय फार आहे, आणि मग गिअर टाकताना खरखर सुरू होते. बऱ्याच जुन्या गाड्यांच्या पंपावर व्हॅक्यूम गव्हर्नर असतो, तो इनटेकच्या ओढीवर रेस आवरतो. त्याची नळी तडकली किंवा डायफ्रॅम फाटला की व्हॅक्यूम टिकत नाही आणि रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पंपातली दांडी) जास्त डिझेलकडे सरकतो. इंजिन बंद करून स्टॉप लिव्हरने रॅक मागे ओढा, गव्हर्नरचं नळीचं तोंड बोटाने घट्ट दाबा आणि लिव्हर सोडा. रॅक लगेच परत आला तर डायफ्रॅम गेला. तो पंप न उतरवताही बदलता येतो. चालू इंजिनावर रेस तपासताना एअर इनटेक झाकायला फळी हाताशी असू द्या. रेस आवरेना झाली तर फळीनेच झाका, हाताने नाही.

रेस हलत असेल तर आधी लाइनकडे वळा. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) भाग ओढीचा असतो, म्हणून तिथल्या गळतीतून डिझेल टपकत नाही, उलट हवा आत शिरते. कोरड्या दिसणाऱ्या जोडावर विश्वास ठेवू नका. स्वच्छ डिझेलचा डबा उंचावर ठेवून वेगळ्या पाइपने थेट फीड पंपाला जोडा, हँड प्रायमरने (हाताने दाबायचा छोटा पंप) एअर काढा आणि इंजिन चालू करा. आयडलिंग सुधारलं तर दोष टाकी, जुना पाइप, प्री-फिल्टर किंवा बंजो बोल्टच्या (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) वॉशरमध्ये आहे. खर्च पाइप आणि तांब्याच्या वॉशरचा.

डब्यानेही फरक पडला नाही की नोझल. इंजिन गरम होऊ द्या. निफाडकडच्या हिवाळी सकाळी थंड इंजिनाचा पांढरा धूर बघून निकाल देऊ नका. आयडलवर एकेका नोझल पाइपचं नट अर्धा आटा ढिलं करा. डोळ्यांवर चष्मा हवा, आणि धारेपुढे हात कधीच नको, दाबाखालचं डिझेल कातडीतून आत जातं. रेस पडली तर तो सिलिंडर काम करतोय. काहीच फरक पडला नाही तर तो मेलेला. आता त्याचं नोझल शेजारच्या सिलिंडरला लावा, वॉशर नवीन घाला. मिसिंग नोझलबरोबर गेलं तर नोझल खराब. जागीच राहिलं तर आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि कॉम्प्रेशन बघा, नंतर पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह, म्हणजे त्या सिलिंडरकडे डिझेल सोडणारा व्हॉल्व्ह. खराब नोझल बेंचवर टेस्ट करा: दाब कंपनीच्या आकड्यावर, फवारा सगळीकडे सारखा, टोकाला थेंब नको.

सगळे सिलिंडर सारखे, रेस स्थिर, तरी केबिन हादरते? मग इंजिन माउंटिंगचं रबर बघा. यात पंपाचा काही दोष नाही.

इतकं करूनही रेस हलत राहिली तरच पंप उतरवा. उतरवण्याआधी फ्लँजवर खूण करा, नाहीतर टायमिंग नव्याने बसवण्यात दिवस जातो. कॅलिब्रेशनवाल्याकडून (पंप मशीनवर लावून तपासणारा) प्रत्येक प्लंजरची डिलिव्हरी दोन्ही वेगांवर, आयडलला आणि पूर्ण रेसला, लिहून घ्या. फक्त पूर्ण रेसचे आकडे देत असेल तर आयडलचे मागूनच पैसे द्या, कारण बिघाड तिथे आहे.