आधी नंबर, मग चष्मा: कोथरूडमधील एका ऑप्टोमेट्रिस्टकडील तपासणीचा अनुभव

माझ्या वडिलांचे वय ७१ आहे, त्यांना १६ वर्षांपासून मधुमेह आहे, आणि मागच्या दिवाळीत नवा चष्मा करूनही वर्तमानपत्र वाचायला बसले की अर्ध्या तासात त्यांचे डोके दुखू लागत असे. तो चष्मा जिथे केला, तिथे त्यांना यंत्रासमोर बसवून, त्यातून निघालेल्या चिठ्ठीवरूनच पाच मिनिटांत भिंगांची ऑर्डर दिली गेली होती. म्हणून यंदा आम्ही कोथरूडमधील एका लहान नेत्रतपासणी केंद्रात गेलो. ऑप्टोमेट्रीची, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढण्याच्या शास्त्राची, चार वर्षांची पदवी घेतलेल्या एक बाई ते स्वतः चालवतात आणि चष्म्यांचे दुकानही त्याला लागूनच आहे.

पहिली दहा मिनिटे त्यांनी डोळ्यांना हातही लावला नाही. साखर किती असते, कोणती औषधे चालू आहेत, घरात कोणाला काचबिंदू होता का, डोळ्यांसमोर अचानक प्रकाश चमकतो किंवा काळे ठिपके तरंगताना दिसतात का, दिवसातला किती वेळ वाचनात जातो, हे सारे विचारून त्यांनी नोंदवून घेतले. मधुमेहाचे औषध बदलून जेमतेम पंधरा दिवस झाल्याचे कळताच त्या थांबल्या. “काका, आज मी नंबर पाहते, पण त्यावर चष्मा करू नका,” असे त्यांनी स्पष्ट सांगितले. रक्तातील साखरेत मोठा चढउतार झाला की डोळ्यातल्या नैसर्गिक भिंगातील पाण्याचे प्रमाण बदलते आणि त्याबरोबर नंबरही सरकतो. साखर स्थिरावल्यावर तो पुन्हा बदलतो, त्यामुळे आज केलेला चष्मा महिन्याभरात निरुपयोगी ठरू शकतो, हे त्यांनी वडिलांना समजेल अशा शब्दांत सांगितले. शेजारच्या कपाटात शेकडो फ्रेम मांडलेल्या असताना समोर आलेल्या गिऱ्हाइकाला सहा आठवड्यांनी यायला सांगणे, ही मला या केंद्राची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते.

त्याच दिवशी त्यांनी डोळ्यांतील दाब मोजला आणि दृष्टिपटलाच्या (डोळ्याच्या आतील पडद्याच्या, रेटिनाच्या) तज्ज्ञांच्या नावे पत्र दिले. मधुमेही व्यक्तीच्या डोळ्यांची बाहुली औषधाने मोठी करून दृष्टिपटलाची वर्षातून एकदा तपासणी व्हायला हवी. वडिलांची ती दोन वर्षे राहून गेली होती. नंबर काढणे म्हणजे डोळा पूर्ण तपासणे नव्हे, हा फरक त्यांनी आपण होऊन सांगितला. आपले काम कुठे संपते आणि नेत्रशल्यविशारदाचे कुठे सुरू होते, हे ओळखून रुग्णाला वेळेवर पुढे पाठवणे हा या व्यवसायातला फार महत्त्वाचा दंडक आहे, आणि तो इथे कसोशीने पाळला जातो.

सहा आठवड्यांनंतरच्या तपासणीला पाऊण तास लागला. यंत्राचा आकडा त्यांनी केवळ सुरुवातीपुरता घेतला, मग रेटिनोस्कोपने, म्हणजे डोळ्यात प्रकाश टाकून नंबर काढण्याच्या उपकरणाने, पडताळून पाहिला आणि शेवटी चाचणीच्या फ्रेममध्ये एकेक भिंग बदलत वडिलांच्या उत्तरांवरून नंबर पक्का केला. जुना चष्मा लेन्सोमीटरवर, म्हणजे तयार भिंगाचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर, ठेवला तेव्हा उजव्या भिंगातील सिलिंडरचा (एका विशिष्ट दिशेतला दोष घालवणाऱ्या नंबराचा) अक्ष, म्हणजे तो बसवण्याची दिशा, सुमारे २० अंशांनी सरकलेला आढळला. ही चूक कागदावर किरकोळ दिसते, पण तेवढ्याने दीड नंबरच्या सिलिंडरपैकी जवळजवळ एक नंबराचा दोष तसाच शिल्लक राहतो. ३० अंशांनी चुकला तर सिलिंडर असून नसल्यासारखाच.

जवळच्या नंबरासाठी त्यांनी मराठी मजकुराचे कार्ड हातात दिले, ही गोष्ट मला विशेष आवडली, कारण आयुष्यभर देवनागरी वाचणाऱ्या माणसाची वाचनाची अडचण इंग्रजी अक्षरांवर नीट उमगत नाही. वडील नेहमी जेवढ्या अंतरावर वर्तमानपत्र धरतात तेवढ्याच अंतरावर त्यांना ते धरायला लावून बाईंनी टेपने मोजले, ते ५० सेंटिमीटर भरले. जुन्या चष्म्यातील अडीचचा वाचनाचा नंबर ४० सेंटिमीटरसाठी योग्य होता. ५० सेंटिमीटरला दोन पुरतो. अर्ध्या तासात डोके का दुखत होते, त्याचा निम्मा उलगडा इथेच झाला.

तपासणीचे ५०० रुपये त्यांनी आधीच सांगितले होते आणि चष्मा घेतला म्हणून ते माफ केले नाहीत. मला हे योग्य वाटते, कारण फुकट तपासणीची किंमत शेवटी भिंगांतूनच वसूल होते. नंबराचा कागद न मागता हातात मिळाला, आणि त्यावर सिलिंडर, अक्ष, वाचनाचा नंबर यांबरोबर दोन बाहुल्यांमधील अंतरही लिहिलेले होते. तो घेऊन आम्ही कोणत्याही दुकानात जाऊ शकलो असतो. अमेरिकेत तपासणीनंतर हा कागद विनामूल्य देणे १९७८पासून नियमाने बंधनकारक आहे. आपल्याकडे मात्र तो मागितल्यावर कपाळाला आठ्या पडलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत.

उणिवाही आहेत. तपासणीच्या खोलीचे दार अर्धे उघडे असल्याने वडिलांच्या साखरेचे आकडे बाहेर फ्रेम पाहत बसलेल्यांना ऐकू येत होते. रुग्णाची माहिती गोपनीय राखायची तर ते दार बंद हवे. डोळ्यांतील दाबाचे आकडे मी विचारल्यावरच कागदावर आले. पदवीचे प्रमाणपत्र काउंटरमागे इतके उंच टांगले आहे की ते वाचता येत नाही. २०२१च्या राष्ट्रीय कायद्याने ऑप्टोमेट्रिस्टचा व्यवसाय आयोगाच्या आणि नोंदणीच्या कक्षेत आणला आहे. अशा वेळी आपले शिक्षण आणि नोंदणी दर्शनी भागात, वाचता येईल अशी लावण्यात नीट शिकलेल्यांचाच फायदा आहे. दुकानाच्या तीन पायऱ्यांना कठडाही नाही.

या पायऱ्यांवरूनच बाईंनी वडिलांना घरातल्या जिन्याविषयी विचारले होते. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट नाही, हे ऐकून त्यांनी महागडे प्रोग्रेसिव्ह भिंग (एकाच भिंगात वर लांबचा आणि खाली वाचनाचा नंबर असलेले) सुचवण्याऐवजी चालण्यासाठी एक आणि वाचनासाठी एक असे दोन साधे चष्मे करायला सांगितले, कारण खालच्या भागात वाचनाचा नंबर असला की उतरताना पायरी धूसर दिसते. दोन्ही चष्मे तयार झाल्यावर आमच्यासमोर लेन्सोमीटरवर तपासले गेले आणि दांड्या कानामागे नीट बसेपर्यंत वाकवून दिल्या गेल्या. गेले तीन आठवडे वडील सकाळचे वर्तमानपत्र अग्रलेखापासून छोट्या जाहिरातींपर्यंत एका बैठकीत वाचत आहेत.